दादारावकाकांच्या गरम सीटा

दादारावकाकांच्या गाडीत बसलं की साधारण तिसऱ्या मिनिटाला ते रस्त्यावरची नजर काढून आपल्या तोंडाकडे बघतात आणि विचारतात, "कायी वाटून राह्यलं का?"

हा प्रश्न तब्येतीचा नाही. मनाचा तर नाहीच नाही. समोरून कापसाचा ट्रक येत असतो, आपला जीव गोळा झालेला असतो, पण काकांना वाटण्याबद्दलची माहिती हवी असते ती आपल्या बुडाखालच्या सीटची. "नाही, काही नाही," असं म्हटलं की त्यांचं तोंड एवढंसं होतं. "हो काका, गरम लागतंय," म्हटलं की ते स्टेअरिंगवर थाप मारतात आणि दुसरा प्रश्न येतो, "खालून का पाठीकून?"

काका गुडीहत्नूरला माझ्या शेजारी राहतात. वीज खात्यात लाइनमन होते, आता रिटायर. काकू जाऊन चार वर्षं झाली. नेरडीगोंड्याजवळ त्यांचं थोडं शेत आहे आणि त्याच बाजूला माझी शाळा, म्हणून रोज सकाळी ते मला गाडीत घेतात. बस आहे, नाही असं नाही. पण बसमध्ये आपल्याला कुणी काही विचारत नाही, आणि माणसाला त्याचीही सवय होते.

गाडी मुळात त्यांच्या पुतण्याची. पुतण्या फौजेत, वर बर्फाच्या मुलखात होता. तिथं त्यानं ही जुनी गाडी घेतली आणि बदली झाल्यावर काकांच्या अंगणात आणून लावली. "वापरा काका, उभी राहून खराब होईल," म्हणाला. गाडीत काही बटणं अशी होती, की ज्यांच्यावर खुर्चीचं चित्र आणि खुर्चीतून वर निघालेल्या तीन वाकड्या रेघा. काका आठ दिवस समजत होते की गाडीत इडल्या वाफवायची सोय आहे. नवव्या दिवशी त्यांनी बटण दाबलं. शेजारी पुतण्याची बायको बसली होती. थोड्या वेळानं ती "बाई गं!" म्हणून उडाली, आणि त्या क्षणापासून काका आमचे राहिले नाहीत.

अख्खं गाव हसलं. मे महिन्यात आमच्याकडे कावळे चोच उघडी ठेवून बसतात. आदिलाबाद जिल्ह्यात सीट गरम करायची म्हणजे तव्याला स्वेटर घालायचा. काका म्हणत, "तुमाले मे मैनाच दिसते. डिसेंबरात तोंडातून धूर निंगते तो कोण पाह्यन? माहा बाप?" आणि ते खरंच आहे. आमच्याकडची थंडी बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. सकाळी बादलीतल्या पाण्यात हात घातला तर पाणी चावतं.

तीस वर्षं खांबावर काढलेला माणूस. बटण दाबून गप्प बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. एका रविवारी त्यांनी सीट काढून ओट्यावर आणली, कव्हर उसवलं आणि मला हाक मारली.

"मास्तर, या. हे पाहा इचं पोट. बारीक तार हाय, नागमोडी. गोधडीले दोरा घालतात ना, तशी. करंट गेला का तार तापते. आपल्या शेगडीची मावसबहीण समजा. पन शेगडीले अक्कल नाही, इले हाय." त्यांनी तारेमध्ये बसवलेला हरभऱ्याएवढा दाणा दाखवला. "हा हेडमास्तर. गरमी जास्त झाली का म्हणते बंद. कमी झाली का म्हणते सुरू. सोता कायी करत नाही, फक्त लक्ष ठेवते."

मी शाळेतला साधा मास्तर. मला हे फार आवडलं.

पुढे त्यांनी प्रत्येक सीटचा स्वभाव शोधून काढला. ड्रायव्हरची सीट सगळ्यांत लाडकी: खाली तार, पाठीला तार, मांड्यांच्या बाजूंनाही तार. डाव्या सीटला खाली आणि पाठीला, बाजूंना नाही. मागच्या दोघींना फक्त खाली. "मागच्या लोकाइच्या पाठीशी कोनी नाई," काका म्हणत. त्यातही मागची उजवी चटकन तापते, मागची डावी सरकारी नोकरीत असल्यासारखी उतरायचा फाटा आला की तापते. मधली सीट कोरडी, तिला तारच नाही. गुडघे दुखणाऱ्या बायांना मागची उजवी, मला पुढची डावी, आणि ज्याच्यावर काकांचा राग असेल तो मध्ये. त्यांचा मेहुणा गेली दोन वर्षं मध्ये बसतोय आणि अजून त्याला कारण माहीत नाही.

डाव्या सीटचं आणखी एक नाटक होतं. वर वजन असल्याशिवाय ती तापायचीच नाही. वजन ठेवलं की बेल्ट लावा म्हणून पीं पीं करायची. मी सुट्टीवर असलो की काका शेतातून येताना तिच्यावर ज्वारीचं पोतं ठेवत, पोत्याला बेल्ट लावत आणि सगळ्यांत गरम अशा तीन नंबरवर बटण. घरी आल्यावर पोत्याच्या पोटाला हात लावून म्हणत, "मस्त तापली. माणसापेक्षा पोतं बरं, खोटं नाही बोलत."

वीज खात्याचे एक तेलुगू इंजिनियर साहेब एकदा गाडीत बसले. दोन मिनिटांनी ओरडायला लागले, "वेडि! वेडि!" तेलुगूत गरमला वेडि म्हणतात. काकांना तेलुगू उत्तम येतं, तरी ते गंभीरपणे म्हणाले, "नाई साहेब, लय शहानी हाय." तेव्हापासून, आपली गाडी दोन्ही भाषांत वेडी आहे, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले.

पण खरा कहर झाला तो व्याह्यांच्या वेळी.

काकांची मुलगी भैंशाला दिली आहे. व्याही कापसाचे मोठे व्यापारी. वजनदार माणूस, पांढरंशुभ्र धोतर, बोलणं मोजकं. जानेवारीत ते आले, तर काका त्यांना शेत दाखवायला घेऊन निघाले. व्याही पुढे, मी मागे. काकांनी हळूच तीन नंबर दाबला. सांगितलं काहीच नाही, कारण सांगितलं तर मजा काय?

गाव सुटलं आणि व्याही बोलता बोलता थांबले. मला मागून फक्त त्यांचे कान दिसत होते. ते आधी गुलाबी झाले, मग लाल. हळूच त्यांनी एक हात मांडीखाली नेला, परत काढला, बोटं बघितली. मग खिडकीबाहेर बघत बसले. इच्चोड्याला चहाला थांबलो.

"उतरा ना, व्याही."

"नको. मी बसतो इथंच."

"चहा नाई घेत?"

"नको म्हणलो ना!"

चहासाठी वाट वाकडी करणारा हा माणूस. मला वाटलं, मानपानाचं काही चुकलं. आम्ही चहा घेऊन आलो, तर व्याही पाण्याची बाटली उघडत होते. आमच्या डोळ्यांदेखत त्यांनी अख्खी बाटली स्वतःच्या मांडीवर उपडी केली आणि मोठ्यानं म्हणाले, "अरेरे! पाणी सांडलं! पाहा, सगळं धोतर भिजलं. पाण्यानं!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बिचारे अर्धा तास समजत होते की या वयात, सोयऱ्याच्या गाडीत, आपल्या हातून भलतंच झालं. पण पुढं काय होणार हे त्यांनाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. सीट तीन नंबरवर, हवा गार, धोतर ओलं. धोतरातून वाफ निघायला लागली.

व्याही वाफेकडे बघत राहिले. काकांनी दार उघडलं, बसले, आणि अत्यंत मायेनं विचारलं, "कायी वाटून राह्यलं का?"

व्याह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर सगळा उलगडा झाल्यावर ते इतके हसले, की शेत बघायचं राहूनच गेलं.

एवढ्या सगळ्या आनंदात काकांना एक दुःख होतं. लाडकी सीट मुकी होती. "ड्रायवरची शीट पाठीले लागते, मास्तर, पन खालून कायीच नाही. हात लावला तर कोमट. बुडाले पत्ता नाही." त्यांनी फ्यूज बदलला, तार बदलली, बटण बदललं. मी म्हटलं, मी बसून बघू का? तर ते माझ्याकडे असे बघायला लागले, जसं मी त्यांचे दात मागितले. गाडी ते कुणालाच चालवू देत नसत. शेवटी एक दिवस म्हणाले, "हेडमास्तरच कामचुकार हाय. लवकर बंद करते. काढूनच टाकला त्याले."

त्यानंतर आठवडाभरानं सकाळी शाळेजवळ गाडी थांबली, ते टायरची हवा बघायला खाली उतरले, आणि मला त्यांच्या पँटवर मागे मोठा ओला डाग दिसला.

"काका, मागं काय लागलं?"

"काय लागलं?" त्यांनी हात नेला. बोटांना पाणी आणि रक्त. ते बोटांकडे बघत राहिले. "अरे! हे काय? दुखून तं नाई राह्यलं!"

दुखत नव्हतं, त्यानंच मी घाबरलो. शाळेत फोन करून रजा टाकली, आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातातून चावी ओढून घेतली आणि त्यांना आदिलाबादला नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. चांगलं तळहाताएवढं भाजलं होतं. त्यांनी पट्टी केली, मग काकांना पालथं झोपवलं. "डोळे मिटा. मी टोचते. टोचलं की सांगा."

काका डोळे मिटून पडले. बाईंनी मांडीला मागून सुई टोचली. मग वर. मग दुसऱ्या मांडीला. पाच-सहा ठिकाणी.

"करा ना जी सुरू," काका म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे बघितलं.

चौकशी केल्यावर निघालं, की पंधरा वर्षांपूर्वी काका खांबावरून पडले होते. कमरेत कळ होती, काही महिन्यांनी गेली. "दुखनं गेलं म्हणून मी खुश झालो," ते म्हणाले. "वाटलं, बरा झालो." दुखणं गेलं नव्हतं, कमरेखाली मागच्या बाजूचं कळणंच निघून गेलं होतं. बाईंनी समजावलं: तुमच्या सीटमध्ये काहीही बिघाड नव्हता. ती पहिल्या दिवसापासून तापत होती.

काका ताडकन उठून बसले. "शीट चांगली हाय?" त्यांचा चेहरा असा उजळला, की बाई गोंधळल्या. "मास्तर, ऐकलं का? शीट एकदम चांगली हाय!"

बाहेर येईपर्यंत ते हसत होते. पायऱ्यांवर मात्र थांबले आणि कठड्याला धरून बराच वेळ उभे राहिले.

परत निघालो. काका मागे कुशीवर आडवे, कारण बसायची सोयच नव्हती. मी ड्रायव्हरच्या सीटवर, बटण बंद करून. शहर सुटताना रस्त्याच्या कडेला एक म्हातारी बसची वाट बघत उभी दिसली, काखेत गाठोडं, अंगावर पातळ शाल. बारा वाजत आले होते, तरी वारं बोचत होतं.

"थांबवा," मागून हुकूम आला.

म्हातारी दवाखान्यातून निघाली होती. सुनेला मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, पण तीन रात्री हिनं दवाखान्याच्या फरशीवर काढल्या होत्या. गुडीहत्नूरच्या अलीकडच्या फाट्यावर उतरायचं होतं. पुढच्या सीटवर बसायला ती लाजत होती. मी बळंच बसवलं.

"मास्तर, दोनवर ठेवा," काका कुजबुजले. "तीन नको, म्हातारं मानूस हाय."

थोड्या वेळानं म्हातारी सीटवर हात फिरवत म्हणाली, "आताच कोन उठून गेलं जी इथून? जागा गरम हाय." उत्तराची वाट न बघता तिनं पाठ टेकली. नातीबद्दल काहीतरी सांगायला लागली, आणि वाक्याच्या मध्येच तिची मान कलली.

फाटा आला. मी ब्रेकवर पाय ठेवला.

"चालू द्या," काका म्हणाले.

"काका, हिचं गाव..."

"चालू द्या म्हणलो ना. गाव कुठं पळून नाई चाललं."

गुडीहत्नूर गेलं. इच्चोडा गेला. मागून काका अगदी हळू बोलले, तेही सीटच्या कापडाकडे तोंड करून.

"आमची बी बसमधी अशीच झोपे. बसली का झोपली. दिवसभर कापूस वेचून थकलेली राहे. आन मी स्टँड आलं का कोपर मारून उठवो. ऊठ, ऊठ, लवकर उतर. एकदाई असं नाई म्हणलो, का झोप, पुढच्या गावी उतरू."

मी आरशात बघितलं नाही. नेरडीगोंड्याहून गाडी वळवली, परत फाट्यापर्यंत आणली. म्हातारी गाढ झोपलेली. मागून बोटानं नुसती खूण झाली. फाटा ओलांडून मी पुढे गेलो. आदिलाबाद पुन्हा दिसायला लागलं तेव्हा म्हातारीनं डोळे किलकिले केले.

"आला का जी फाटा?"

"येऊनच राह्यला, माय," काका मागून म्हणाले. "रस्ता खराब हाय थोडा, म्हणून वेळ लागून राह्यला. तू पड निवांत."

समोर चौपदरी रस्ता आरशासारखा चकचकीत पडला होता. म्हातारीनं "हो का," म्हणून डोळे मिटले, आणि मी गाडी वळवायला पुढची जागा शोधू लागलो.