न बसणारा सिद्राम आप्पा

आमचा सिद्राम आप्पा कधी खाली बसायचा नाही. जेवण उभ्यानं, हजामतही उभ्यानं. न्हावी दगडावर चढून वस्तरा चालवायचा. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो, तिथंही हा माझ्या पुढ्यात उभा. शेवटी मुलीचा बाप म्हणाला, "पाव्हणं, जरा सरका की. नवरदेव दिसू दे."

निपाणीच्या एका तंबाखूवाल्या शेठचा फुटबॉलचा संघ होता. गोल मी मारायचो. माझ्यासारखा गोल मारणारा ह्या भागात झाला नाही, कुणी काही म्हणो. बेळगावच्या कॅम्पातले बूटवाले गोरे माझ्यावर धावून आले की सिद्रामनं मध्ये उभं राहायचं, एवढंच त्याचं काम. आम्ही सगळे अनवाणी. चेंडूला तो पाय लावायचा नाही. म्हणायचा, "चेंडू म्हंजे दुसऱ्याची बायको. आपला काय संबंध?"

ह्या उभं राहण्यावर शेठनं त्याला वखारीच्या दारावर ठेवला होता. दोन वेळचं जेवणही तिथंच. पण बुटांनी त्याचा उजवा गुडघा कामातून गेलेला. उभा असला की भिंत. जमिनीवर बसला की उठता यायचं नाही. हे ठाऊक एकट्या मला. शेठला कळलं असतं तर नोकरी गेली असती.

गोऱ्यांना हरवलं तेव्हा शेठनं वखारीत पंगत घातली आणि स्वतः वाढायला आला. "बस रं सिद्राम, आज तरी बस."

मालक वाढतोय म्हटल्यावर उभं कसं राहणार? बसला.

सगळे जेवून उठले. हा म्हणाला, "भात वाढा." मग पुन्हा, "लई झ्याक झालाय, आनि वाढा." लोक हसत होते, शेठही हसत होता. सिद्रामच्या मानेवरून घाम गळत होता. शेवटी आचारी म्हणाला, "आप्पा, भांडं रिकामं झालं."

सिद्रामनं हात टेकले, अर्धा उठला आणि उष्ट्या पत्रावळीवर आडवा झाला. मी धरायला गेलो तर म्हणाला, "सर बाजूला."

दुसऱ्या दिवशी वखारीच्या दारात दुसरा माणूस उभा होता.

गोऱ्यांशी पुढचा सामना होता, त्याला सिद्राम गावाकडनं काठी टेकत आला, मैदानाच्या कडेला उभा राहिला. मी गोल मारला. लोक ओरडले. बघतो तर हा मैदानाकडं पाठ करून उभा. खेळ संपल्यावर मी तडक त्याच्याकडं गेलो.

"आप्पा, एवढ्या लांबनं आलास आनि पाठ करून उभारलास? गोल तरी बघायचास की!"

"बघवंना रं," तो म्हणाला. "गोरा तुझ्यावर पळत येतोय, आनि मधी कोन न्हाय."