उलटी प्रदक्षिणा

"तीनशे दहा!" अरुणाने रिपोर्ट टेबलावर आपटला. "महिन्याभरात खाली नाही आली तर इन्सुलिन, रोज सुई, असं डॉक्टर निशांतनी बजावलंय. आणि तुम्ही म्हणे रोज चालता!"

नंदकुमार सामंतांचं डोकं सणकलं. चालत तर ते होतेच. पण ऐरोलीच्या त्या सेक्टरात रस्त्याला दोन्ही बाजूंनी टेम्पो आणि फुटपाथवर बाईक, माणसाने पाय ठेवावा कुठे? म्हणून ते सोसायटीतल्या गणपतीच्या देवळाभोवती फिरत. तिथे लादी सपाट होती आणि सावलीही होती. पण देवळाभोवती रोज फिरणारा माणूस मोठा भक्तच असणार, असं साऱ्या सोसायटीने परस्पर ठरवून टाकलं, आणि भक्ताचा हात रिकामा कोण ठेवणार!

"घ्या भाऊ, शिरा हाय," तळमजल्यावरच्या यशोदाबाई वाटच अडवायच्या.

"अहो, मला शुगर आहे!"

"परसादानं शुगर वारत नाय. देवाला नाय म्हनू नका."

खाल्ल्याशिवाय त्या बाजूला होत नसत. शिरा, पेढे, साखरफुटाणे, संकष्टीला मोदक. चालून जी काही शुगर उतरायची ती दुपटीने परत चढायची, आणि घरी येऊन बोलणी खायची ती वेगळीच. संतापाने सामंतांच्या अंगाची लाही लाही होई.

रिपोर्ट आला त्या संध्याकाळी ते तणतणतच खाली उतरले. आपण भक्त नाही हे या लोकांना एकदाचं कळलंच पाहिजे, म्हणून त्यांनी गणपतीला डाव्या हाताला ठेवून उलट्या दिशेने चालायला सुरुवात केली.

"सामंत! उलटी प्रदक्षिणा?" सेक्रेटरी दिलीप किंचाळला.

"प्रदक्षिणा कसली? वॉक आहे वॉक!"

"अख्ख्या बिल्डिंगला भोवेल हो!"

"भोवू दे! नाहीतरी लिफ्ट बंदच आहे तुमची!"

सामंत कुणावर तरी करणी करताहेत, ही बातमी रात्रीपर्यंत घरोघर पोचली. दुसऱ्या दिवसापासून लोक त्यांना पाहून वाट सोडू लागले. यशोदाबाईंनी तर शिऱ्याचा डबा पदराखाली लपवला. अरुणाला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही, तेव्हा तिने नवऱ्याशी बोलणंच टाकलं. सामंत मात्र दातओठ खात फिरत राहिले, आणि रागाच्या भरात त्यांचे पाय भराभर पडत राहिले.

महिन्याने शुगर एकशे पंधरावर आली. अरुणाला इतकं हायसं वाटलं की तिने ते यशोदाबाईंना सांगितलं, म्हणजे साऱ्या सोसायटीलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामंत खाली उतरले तर देवळाभोवती पन्नासेक माणसं उलट्या दिशेने फिरत होती. शुगरवाले, बीपीवाले, गुडघेवाले. दिलीप सर्वांत पुढे. त्याने धावत येऊन सामंतांचे पाय धरले.

"सोड! मी बुवा नाही! तुमचा शिरा बंद झाला म्हणून शुगर उतरली, गाढवांनो!"

"मोठी मानसं आशीच बोलतान," यशोदाबाईंनी हात जोडले.

गर्दीत डॉक्टर निशांत दिसले. सामंतांनी त्यांना दंडाला धरून बाजूला ओढलं. "डॉक्टर, तुम्ही तरी समजवा यांना!"

"हळू बोला हो," डॉक्टर कुजबुजले. "यातले निम्मे माझे पेशंट आहेत. चाला, चाला म्हणून घसा कोरडा केला, एक जण सोफ्यावरून उठत नव्हता. आता खरं सांगितलंत तर परत जाऊन बसतील."

"म्हणजे मी जन्मभर बुवा होऊन फिरायचं?"

"जरा जोरात फिरा. तुमच्या मागे तेही पळतील."

सामंतांच्या मस्तकात तिडीक गेली. ते तरातरा निघाले आणि त्यांच्यामागे पन्नास जोडी चपला फटफटू लागल्या.

"भाऊ कोपले की कशे धावतान बघा!" यशोदाबाईंना धाप लागली होती, पण तोंडावर भक्ती ओसंडत होती. "यांना रोज सकाली कुनीतरी राग आनून द्या गं!"

ती सेवा अरुणाने आनंदाने पत्करली.