आंब्याचा वास

काशिनाथ देवस्थळींनी सिगारेट सोडली, तीही चारचौघांत. पापाकुरा या उपनगरातल्या घरी जेवायला जमलेल्या मंडळींसमोर त्यांनी पाकीट कचऱ्यात टाकलं. मधुमेह आणि धूर मिळून पायांच्या रक्तवाहिन्यांची वाट लावतात, असं क्लिनिकमधल्या नर्सने, सुचित्राने, बजावलं होतं, आणि काशिनाथना आपले पाय फार प्रिय होते. दमयंतीबाईंना इतकं भरून आलं, की नवऱ्याला सोबत म्हणून त्यांनीही तिथल्या तिथे गोड सोडलं.

निश्चय पक्का होता, फक्त दुपारनंतर तो डळमळायचा. मग काशिनाथनी सुचित्राला गाठलं. व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, काही औषध नव्हे, पण सिगारेटपेक्षा बरं, आणि पुढे तेही सोडायचं, असं ती म्हणाली. त्यांनी आंब्याच्या स्वादाचं व्हेप आणलं. पण चारचौघांत शब्द देऊन बसल्यावर बायकोला सांगणार कसं? ते गराजमध्ये लॉनमोअरमागे उभे राहून ओढू लागले. सिगारेटला मात्र त्यांनी हात लावला नाही. डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, दूध आणायला गेले, तरी सिगारेटच्या कपाटाकडे पाठ करून उभे राहत.

घरात आंबा दरवळू लागला. दमयंतीबाई फार्मसीत कामाला. मधुमेह्यांची चोरून खाण्याची खोड त्यांना पाठ होती. जेवणाआधी बोट टोच, जेवणानंतर बोट टोच, असा तपास सुरू झाला. साखर ठीक निघाली की त्यांचा संशय आणखीच वाढे. त्यांनी आधी भात बंद केला, मग बटाटा. काशिनाथ मुकाट्याने दुधी गिळत राहिले.

शेवटी एका रविवारी बाईंनी त्यांना गराजच्या दारातच पकडलं. वास अगदी ताजा होता.

"खरं सांगा, आंबा खाताय ना?"

काशिनाथनी झटकन हिशेब केला. खाण्याचा गुन्हा माफ होईल, शब्द मोडल्याचा होणार नाही. मुलगा अक्षत वेलिंग्टनहून येईल तेव्हासाठी गराजमधल्या फ्रीझरमध्ये आमरसाचा डबा ठेवलेला होता.

"अक्षतचा आमरस," ते मान खाली घालून म्हणाले. "एखादा चमचा फक्त. हीप्स, भरपूर उरलाय, दाखवतो."

"राहू द्या," बाई घाईने म्हणाल्या, पण तोवर त्यांनी डबा बाहेर काढला होता. तो हलका लागला. आतून स्वच्छ धुऊन पुसलेला होता.

"म्हणजे... मीच संपवला असेन."

"तुम्ही नाही संपवलात."

"तुला काय माहीत?"

दमयंतीबाईंचा चेहरा पडला. नवऱ्याचं खोटं उघडं पाडायचं तर स्वतःचं लपवून चालणार नव्हतं.

"कारण तो मी संपवला," त्या हळूच म्हणाल्या.

काशिनाथनी खिशातलं व्हेप काढून रिकाम्या डब्यात ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. सिगारेट एकदाही ओढलेली नाही, हे सांगताना मात्र त्यांचा आवाज चढला. बाईंनी व्हेप उचलून हुंगलं आणि डोळे मिटून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या.

"सिगारेट सुटली, तसं हेही सुटेल," त्या म्हणाल्या. "पण तोवर पुदिन्याचं आणा. घरात दिवसरात्र हापूसचा वास; माझं गोड सुटणार कसं?"