शेवटच्या पाण्याचा कप्पा

धुण्याच्या मशीनचा एक कप्पा रिकामा होत नाही, हे घरात सगळ्यांच्या आधी नर्मदाबाईंना कळलं होतं. पण त्या बोलल्या नव्हत्या. बोलल्या असत्या तर आणखी एक गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती सांगायची त्यांची तयारी नव्हती.

शेवटी एका सकाळी सून मंजुषाच ओरडली, "आत्याबाई, इकडं या बरं जरा!"

मंजुषा न्हाणीसमोरच्या बोळीत मशीनचा ड्रॉवर ओढून उभी होती. पावडरचा कप्पा धुऊन गेला होता. त्याच्या शेजारच्या कप्प्यात मात्र निळसर पाणी काठोकाठ भरलेलं होतं.

"हे बघा. परवा घातलेलं सॉफ्टनर जसंच्या तसं. कपड्याला मऊपणा न्हाई, वास न्हाई. मी म्हणते, जाऊन राहिलं कुठं?"

"कुठंच न्हाई गेलं. तिथंच तर हाय," नर्मदाबाई म्हणाल्या आणि डाळ निवडायला परत ओसरीवर गेल्या.

मशीन घरात येऊन आठ महिने झाले होते. गेल्या पावसाळ्यात धुण्याच्या दगडावरून नर्मदाबाईंचा पाय सरकला आणि उजवं मनगट मोडलं. मनगट बसवलं, पण पिळायची ताकद काही परत आली नाही. मुलगा विश्वंभर नांदेडहून मशीन घेऊन आला आणि धुण्याचा दगड उचलून गोठ्यामागं टाकून आला. दगड समोर राहिला तर माय परत त्याच्यावर बसेल, याची त्याला खात्रीच होती. मंजुषानं मग सासूला मशीन शिकवलं. बटणं दोनच, ती लवकर पाठ झाली. ड्रॉवर दाखवताना ती म्हणाली होती, "ह्याच्यात पावडर. अन् शेवटच्या पाण्यात जे घालायचं असंल ते ह्या कप्प्यात. मशीन आपलं आपण घेतं बराबर टायमाला."

नर्मदाबाईंनी हे वाक्य फार लक्ष देऊन ऐकलं. त्यांच्या पन्नास वर्षांच्या धुण्यात शेवटच्या पाण्यात घालायची वस्तू एकच होती. कांजी.

त्यांचे यजमान अमृतराव वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे हळद-धान्याच्या बाजारात, मापाडी होते. हळदीच्या दिवसांत मोंढ्यातला माणूस डोक्यापासून पायापर्यंत पिवळा होतो. अमृतराव दुपारपर्यंत तरी पांढरे राहत. पांढरं धोतर, पांढरा सदरा, दोन्ही कांजीचे. संध्याकाळी धोतराच्या काठाला हळद लागलेली असायची. साबण लागला की तो डाग लालभडक व्हायचा आणि उन्हात वाळत घातला की उडून जायचा. नवीन लग्न झालं तेव्हा तो लाल रंग बघून नर्मदाबाई घाबरून रडल्या होत्या, आणि अमृतराव हसत हसत त्यांना उन्हात घेऊन गेले होते. "बघत ऱ्हा आता," म्हणाले होते. दोघं धोतर बघत उभे राहिले होते, भर उन्हात, वेड्यासारखे.

अमृतराव घरात शिरायचे ते आधी ऐकू यायचे, मग दिसायचे. खर्र, खर्र. कांजीचं धोतर चालताना बोलायचं. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. कपडे वाटून टाकले, एक धोतर राहिलं. ते नर्मदाबाई पंधरा दिवसांनी धुवायच्या, कांजी करायच्या आणि ओसरीतल्या तारेवर टाकायच्या. दुपारी पंख्याच्या वाऱ्यानं ते वाजायचं आणि वाजलं की त्यांचा डोळा लागायचा.

मनगट मोडल्यापासून ते धोतर वाजलंच नव्हतं.

मंजुषा अंगणवाडीत गेली की नर्मदाबाई धोतर मशीनमध्ये टाकत आणि तांब्याभर कांजी शेवटच्या पाण्याच्या कप्प्यात ओतत. धोतर बाहेर यायचं ते लोळागोळा. त्यांना वाटलं, कांजी पातळ झाली. पुढच्या वेळी घट्ट केली. धोतर तसंच. मग आणखी घट्ट. गेल्या खेपेला तर त्यांनी मूठभर मैदा घालून शिजवली होती. त्यानंतर कप्प्यातून काही म्हणजे काही खाली उतरेनासं झालं.

त्यामुळं मशीन दुरुस्त व्हावं असं घरात सगळ्यात जास्त कुणाला वाटत असेल, तर नर्मदाबाईंना. आणि ते कशानं बिघडलं हे कुणाला कळू नये, असंही त्यांनाच वाटत होतं.

विश्वंभरनं आधी सायकलचा पंप लावला. कप्प्यातलं सगळं सॉफ्टनर त्याच्या मिशीवर आलं. दिवसभर शेतात त्याच्या भोवती माशा फिरत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं पोती शिवायचं दाभण आणलं. दाभण कुठंतरी अर्ध्यात रुतलं, ते काढायला पक्कड आणावी लागली.

तेवढ्यात शेजारच्या पद्माबाईंनी भिंतीवरून डोकावून निदान केलं. "इशंभर, मशीन कललंय तुझं. पाणी उताराकडंच जाईल न्हाई तर काय. डाव्या अंगाला टेका दे."

विश्वंभरला हे पटलं. त्यानं डाव्या बाजूला शहाबादी फरशीचा तुकडा सरकवला, मशीन सुरू केलं आणि अंघोळीला न्हाणीत शिरला. न्हाणीचं दार बाहेर उघडणारं. कपडे पिळायची वेळ आली तसं मशीन थरथरलं, फरशीवरून उतरलं आणि चालायला लागलं. हातभर चाललं आणि थेट दाराला जाऊन भिडलं.

"माय! दार काहून उघडंना?"

"मशीन हाय दारात."

"दारात कसं?"

"आलं चालत."

"सरकव ना मग!"

"ह्या मनगटानं? मंजुषा गेली अंगणवाडीत."

"मग पद्माकाकूला बोलाव. न्हाई, थांब! नको बोलावू. माझा टावेल बाहेरच हाय."

नर्मदाबाई दाराशी पाटावर बसल्या. मशीन थांबलं होतं. आत विश्वंभर बादलीवर बसला असावा.

"इशंभर," त्या हळूच म्हणाल्या, "तकलीफ व्हायली का रे तुला?"

"तकलीफ कशाची? गार पाण्यात बसलोय."

"मला एक सांगायचं होतं."

"आता? इथं?"

नर्मदाबाईंनी तारेवरच्या धोतराकडं पाहिलं. पंखा चालू होता. धोतर ओल्या फडक्यासारखं मुकाट हलत होतं. "काही न्हाई," त्या म्हणाल्या. "साबण लावला का?"

तासाभरानं मंजुषा आली, हसून हसून भिंतीला टेकली आणि मग तिनं मशीन ओढलं. टॉवेल गुंडाळून विश्वंभर बाहेर आला तो सरळ फोनपाशी गेला आणि वसमतच्या धनसिंग मिस्त्रीला बोलावलं.

धनसिंगनं पाच मिनिटं घेतली. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढला, कप्प्यातली छोटी टोपी उपसली आणि तिच्या नळीतून बोटाएवढा पांढरा घट्ट गोळा काढून तळहातावर धरला. वास घेतला. नखानं टोकरला.

"हे काय टाकता तुमी ह्याच्यात?"

"सॉफ्टनर," मंजुषा म्हणाली. "चांगलं भारीतलं."

"ताई, ही कांजी हाय. मैद्याची. असली पक्की की इलेक्शनचे पोस्टर चिकटवले तर पाच वर्षं निघायचे न्हाईत."

मंजुषानं विश्वंभरकडं पाहिलं, विश्वंभरनं धनसिंगकडं पाहिलं आणि मग तिघांनीही ओसरीकडं पाहिलं. नर्मदाबाई डाळ निवडत होत्या. डाळ सकाळीच निवडून झाली होती.

"आत्याबाई?"

"तूच म्हणालीस, शेवटच्या पाण्यातलं त्याच्यात घालायचं."

"अहो, म्हणजे मी कपडे मऊ व्हायचं घालून राहिले, अन् तुमी त्याच कप्प्यात कडक व्हायचं?"

"म्हणून तर मशीन गप बसलं," धनसिंग म्हणाला. "घरातल्या बायांच्या मधी कोण पडंल?"

विश्वंभरला हसू आलं होतं, ते त्यानं दाबलं. "पण माय, कांजी कुणाच्या कपड्याला? मी तर जिन्स घालतो."

नर्मदाबाईंची नुसती नजर वर गेली. तिथं तारेवर अमृतरावांचं धोतर होतं.

"दुपारी वाजायचं ते," नर्मदाबाई डाळीकडं बघत म्हणाल्या. "वाजलं की डोळा लागायचा. दुसरं काही न्हाई."

धनसिंगनं टोपी धुतली, बसवली, पुन्हा उगाचच काढून बसवली. जाताना म्हणाला, "आजी, कांजी घातली तरी चालते. गाठी नळीत अडकून राहत होत्या, म्हणून पातळ करा अन् फडक्यातून गाळा. झाल्यावर एक तांब्या गरम पाणी सोडा. अन् दोघींनी एका दिवशी नका घालू."

त्याच दिवशी मंजुषानं खडूनं मशीनवर लिहून टाकलं : गुरुवार, आत्याबाई. आणि त्या गुरुवारी कांजी तिनंच गाळली, स्वतःच्या जुन्या ओढणीतून, दोनदा. धोतर कप्प्यातली कांजी पिऊन बाहेर आलं. दुपारी पंख्याखाली वाजायला लागलं, आणि नर्मदाबाई चार वाजेपर्यंत उठल्या नाहीत.

तीन आठवडे सुरळीत गेले. मग एका सोमवारी मंजुषाचा आवाज पुन्हा बोळीतून आला.

"आत्याबाई! परत?"

कप्पा काठोकाठ भरलेला.

"मी न्हाई!" नर्मदाबाई बाजेवरून अर्ध्या उठल्या. "ह्या दोन डोळ्यांची शपथ. माझा वार गुरुवार. त्याच्या पुढं मागं मी हात लावलेला न्हाई."

मंजुषानं टोपी उपसून आत बोट घातलं. "पातळ होतं ते आधी खाली गेलं, मग गाठींनी नळी बुजली. बिगर गाळलेली कांजी हाय ही. आपल्या दोघींतलं कुणी असलं गबाळं काम करंल का?"

"पद्मा येऊन गेली का?"

"पद्माकाकू काहून कांजी घालतील आपल्या मशीनमधी?" मंजुषा म्हणाली आणि तिनं धनसिंगचा नंबर लावायला फोन हातात घेतला.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार वाजलं. विश्वंभर हळदीच्या सौद्याला वसमतच्या मोंढ्यात निघाला होता. उशीर झाल्यासारखा, कुणाकडं न बघता, तो ओसरीतून पायताणांकडं गेला. जिन्स नव्हती. पांढरा पायजमा होता, पांढरा सदरा होता, आणि सदऱ्याच्या बाहीवर कांजीची एक गाठ वाळून तशीच चिकटलेली होती.

खर्र, खर्र.

नर्मदाबाईंची पाठ दाराकडं होती. त्यांनी मान वळवली नाही. चाळीस वर्षं रोज सकाळी विचारायच्या तसंच त्यांच्या तोंडून निघून गेलं, "दुपारी जेवायला येता ना?"

मंजुषाचा फोनवरचा अंगठा तसाच राहिला. विश्वंभर उंबऱ्यावर एका पायात पायताण घालून थांबला. मायनं आपल्याला जन्मात कधी अहो-जाहो केलेलं नाही, हे त्याला कळायला जरा वेळ लागला.

"व्हय," तो म्हणाला. "येतो."