पेडणेकर काकांचा बिनकॅमेऱ्याचा लॅपटॉप

मागवला त्यापेक्षा चांगला माल आला म्हणून दुकानदाराशी भांडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे पेडणेकर काका. शांती नगरात आमच्या समोरच्याच दारात राहायचे. टूथपेस्टबरोबर ब्रश फुकट मिळाला, की तुम्ही-आम्ही तो गुपचूप पिशवीत टाकतो. काका तो काउंटरवर परत ठेवत आणि म्हणत, "ऑर्डरमध्ये नव्हता." वाणी बिचारा सांगायचा, अंकल, कंपनी देती है. त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं, "कंपनीने पूछा था क्या मेरे को?"

याचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. ठाण्याच्या एका कारखान्यात ते तीस वर्षं स्टोअरकीपर होते. ट्रकमधून उतरलेला माल आणि हातातली ऑर्डर यांचा मेळ बसला तरच सही, नाहीतर ट्रक आल्या पावली परत. एकदा म्हणे साधे नट मागवले होते आणि पुरवठादाराने त्याच भावात स्टेनलेस स्टीलचे पाठवले. साहेब खूश. काकांनी ते परत पाठवले आणि कारखान्याचं काम दोन दिवस अडलं. ही हकीकत ते इतक्या अभिमानाने सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, कारखाना यांच्यामुळेच चालला. "आज जास्तीचं घेतलंस, की उद्या कमी आलेलंही घ्यावं लागेल," असं ते मला बजावत. मी मान डोलवायचो आणि घरी येऊन फुकटचा ब्रश वापरायचो.

अशा माणसाने लॅपटॉप मागवला.

कारण होतं अमेरिकेतला मुलगा नितीन. काकांचा दुसरा अभिमान. नितीनच्या घराला किती खोल्या आहेत हे आमच्या वॉचमनलासुद्धा पाठ होतं. त्याला मुलगी झाली, ती वर्षाची होत आली, पण आजी-आजोबांनी तिचा एकच फोटो पाहिला होता. तो माझ्या ऑफिसच्या मेलवर आला होता. मी त्याचा प्रिंट काढून दिला, तर काकूंनी तो देवघराशेजारी लावला. पण फोटोने त्यांचं समाधान होईना. लॅपटॉपवर पलीकडचा माणूस हलताना-बोलताना दिसतो, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. तेव्हापासून मजल्यावरच्या प्रत्येक बाईला त्या सांगत, "आता नात दिसणार मला."

काकांनी महिनाभर जाहिराती वाचल्या, दोन पानी यादी स्वतःच्या अक्षरात लिहिली आणि सेक्टरमधल्या जिग्नेशभाईच्या दुकानात देऊन तिच्यावर त्याची सही घेतली. माल पंधरा दिवसांनी येणार होता.

चौथ्या दिवशी पेपरात जाहिरात आली. तोच लॅपटॉप, तीच किंमत, मेमरी दुप्पट. मी असतो तर कपाळावर हात मारला असता. काका कात्रण घेऊन सकाळी सकाळी आमच्या दारात हजर. चेहऱ्यावर असं तेज, जणू कंपनीने यांना विचारून मेमरी वाढवली. "बघ महेश, मी मागवला आणि कंपनी सुधारली." आठवड्याने हार्ड डिस्क वाढली. पुन्हा कात्रण, पुन्हा तेज. मी म्हटलं, काका, ऑर्डर बदलून घ्या की. ते म्हणाले, "सही झालीय. आता सुधारणा पुढच्या गिऱ्हाइकाला."

ही त्यांची कीर्ती बिल्डिंगभर होतीच. काकांनी वस्तू घेतली, की तिचं नवं मॉडेल येतं, असा लोकांचा पक्का अनुभव. तळमजल्यावरच्या शहाभाभींनी तर फ्रिज घ्यायच्या आधी मला विचारलं, "अंकल को भी फ्रिज लेने का है क्या? तो हम रुकते हैं."

मग तिसरी सुधारणा आली आणि तीही साधीसुधी नव्हे. त्याच मॉडेलला आता वरच्या कडेला कॅमेरा बसवलेला येणार होता. जिग्नेशभाई भला माणूस. तीन जिने चढून तो स्वतः सांगायला आला. मी तेव्हा काकांकडेच बसलो होतो.

"अंकल, सेम प्राइस में कॅमेरावाला मिल रहा है. बस आप हाँ बोलो, मैं चेंज करवा देता हूँ."

काकू ओले हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या. काकांनी यादीची प्रत काढली आणि बराच वेळ वाचली. "कॅमेरा लिखा है क्या इसमें? नहीं ना? जो लिखा है वोही लाने का." एरवी असं काही परत करताना ते मिश्किल हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत. काकू पदराला हात पुसत आत गेल्या.

लॅपटॉप आला. काकांनी दोन तास तपासणी केली, बटणं मोजली, चार्जरची वायर टेपने मोजली आणि माल पास केला. काकूंनी हळूच विचारलं, आता दिसेल का ती. काका म्हणाले, यात कॅमेरा नाही ना. मशीनच तसं आहे, त्याला नितीन तरी काय करणार?

मी म्हटलं, सुटा कॅमेरा मिळतो, वायरने जोडायचा. तर म्हणाले, "तो ऑर्डरमध्ये नव्हता."

खरं सांगतो, मला त्या दिवशी काकांचा राग आला. नट परत पाठवणं वेगळं. इथे एक म्हातारी बाई वर्षभर नातीची वाट बघत होती आणि हे गृहस्थ यादी धरून बसले होते. मी दुसऱ्याच दिवशी एक कॅमेरा विकत घेतला. रविवारी काका मासे आणायला भाईंदरला जात. ते जिना उतरले तसा मी समोरच्या घरात शिरलो.

"काकू, पाच मिनिटांत जोडतो. नितीनला फोन करून समोर बसायला सांगा."

काकूंनी माझ्या हातातला खोका बघितला आणि मला खुर्चीवर बसवलं.

"नको जोडूस," त्या म्हणाल्या. "ऑर्डर दिली ना, त्याच आठवड्यात ह्यांनी नितीनला फोन केला होता. मी मागेच उभी होते. तो म्हणाला, बाबा, ते समोर बसून बोलणं वगैरे मला जमणार नाही, वेळ नसतो. ह्यांना वाटतं, मी ऐकलं नाही."

मी खोका मांडीवर ठेवला.

"मशीनमध्ये कॅमेरा नाही म्हटलं, की मुलाला बोल लागत नाही. म्हणून ह्यांनी कॅमेरावाला घेतला नाही. माझ्यासाठीच केलंय रे सगळं. तू ह्यांना काही बोलू नकोस. मशीन चांगलं आहे म्हण, बरं वाटेल त्यांना."

मग त्या नितीनच्या लहानपणाच्या गोष्टी सांगत बसल्या. तासाभराने जिन्यात काकांची पावलं वाजली. मी खोका शर्टाच्या आत सरकवला. पापलेटची पिशवी आत देऊन काकांनी विचारलं, आज इकडे कसा. मी म्हटलं, लॅपटॉप नीट बघायला आलो. आमच्या ऑफिसातसुद्धा असा नाही.

काका फुलले. हात साबणाने धुऊन, पुसून, मग त्यांनी लॅपटॉप उघडला. पडदाभर नातीचा तोच बारशाचा फोटो होता, मी ऑफिसातून सीडीवर आणून दिलेला. "बघ, एकेक केस दिसतोय. कपाळावरची तीट बघ. प्रिंटमध्ये ही दिसत नव्हती." खरंच दिसत होती. या माणसाचा मला राग आला होता, याची आता लाज वाटली आणि तो आमच्या समोर राहतो याचा अभिमानही वाटला.

काकू चहा घेऊन आल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ह्यांची निवड कधी चुकत नाही."

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि मला म्हणाले, थांब, तुला सगळं पहिल्यापासून दाखवतो. दाखवायला फोटो एकच होता.