स्वोर्ड्सच्या चर्चमधली उभी मैफल

माणसांना शिस्त लावायची असेल तर मला बोलवा. ही बढाई नाही. आयटीत मॅनेजर आहे मी, आणि डब्लिनमधल्या समस्त मराठी मंडळींना पिकनिकच्या बसमध्ये वेळेवर बसवून दाखवलंय. त्यामुळे माझी बायको स्वरूपा काळजीत पडली तेव्हा मी अगदी निवांत होतो.

स्वरूपा ब्युमॉन्ट हॉस्पिटलात डॉक्टर आहे. लहानपणी गावी व्हायोलिन शिकली होती. ते तिनं इथे पुन्हा बाहेर काढलं, मांडी घालून वाजवायची सवय मोडली, नोटेशन शिकली आणि हौशी वादकांच्या एका ऑर्केस्ट्रात शिरली. आता तिची पहिली कॉन्सर्ट होती, डब्लिनजवळच्या स्वोर्ड्स गावातल्या एका चर्चमध्ये. फ्लॉरेन्स प्राइसची सिम्फनी. अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्रानं जिची सिम्फनी वाजवली अशी ही पहिली कृष्णवर्णीय बाई, आणि तिचं कितीतरी संगीत पुढे एका पडक्या घरात सापडलं. हे सांगताना स्वरूपाचा आवाज दर वेळी जड व्हायचा.

"प्रताप, तू तुझी मंडळी आणतोयस, आण. पण ही सिम्फनी चार भागांची आहे. मध्ये टाळ्या नाहीत, वाहवा नाही. काही गोंधळ झाला तर मला त्या ऑर्केस्ट्रात तोंड दाखवता येणार नाही."

"तू फक्त व्हायोलिन वाजव. पब्लिक माझ्याकडे सोड."

मी ग्रुपवर एकच सूचना टाकली: मी पहिल्या रांगेत असेन. माझ्याकडे बघा. मी करेन तेच करा, त्याच्यापलीकडे काही करू नका.

रविवारी दुपारी आम्ही पुढची बाकं भरून टाकली. माझ्या एका बाजूला इस्लामपूरहून आलेल्या सासूबाई, दुसऱ्या बाजूला आमची कन्या पूर्वी, मागे मित्र सारंग आणि बाकीचे. पहिला भाग संपला. मागच्या काही आयरिश लोकांनी चुकून टाळ्या वाजवल्या, तर आमची बाकंच्या बाकं वळली आणि त्यांच्याकडे परीक्षेतल्या सुपरवायझरसारखी बघू लागली. टाळ्या जागीच विरल्या. मी स्वरूपाकडे पाहून मान डोलावली. तिनं चक्क स्मित केलं.

दुसरा भाग संथ होता. पितळी वाद्यांवर एखाद्या प्रार्थनेसारखी धून सुरू झाली, इतकी शांत की सासूबाईंनी डोळे मिटले. आणि त्याच क्षणी माझ्या पोटरीत गोळा आला.

चर्चची बाकं कुणाच्या मापाची असतात देव जाणे, पाय लांब करायला जागाच नव्हती. पोटरीत कुणीतरी नारळ कोंबल्यासारखं झालं. ओरडायची सोय नव्हती. मी उभा राहिलो.

माझ्यामागे सारंग उभा राहिला. मग सगळी मराठी मंडळी उभी राहिली, एकदम, बिनआवाज. माझी शिस्त.

मी हातानं "बसा, बसा" केलं. पण हात खाली म्हणजे शांत राहा, असं पिकनिकच्या बसमध्ये मीच शिकवून ठेवलेलं! त्यामुळे सगळे आणखी शांतपणे उभे राहिले. मी पाय झटकला. सारंगनंही झटकला.

आता मागच्यांना काही दिसेना, म्हणून ते उठले. त्यांच्यामागच्या आज्यांना वाटलं, चर्च आहे, प्रार्थनेची धून आहे, उभं राहायचंच असणार. त्याही उठल्या. एकीनं तर छातीवर क्रूस केला.

"बाबा, व्हाय आर वी स्टँडिंग, लाइक?" पूर्वी कुजबुजली.

"गप्प. आदर आहे."

पोटरी सुटली, पण आता बसणार कसा? अख्खं चर्च उभं, आणि मी एकटा बसलो तर त्या थोर बाईचा अपमान. स्वरूपा वाजवता वाजवता माझ्याकडे बघत होती. हातातला गज तेवढा थांबला नव्हता, बाकी त्या नजरेत सगळं होतं.

भाग संपला. कंडक्टर डिअर्ड्राबाई घाम पुसायला वळल्या आणि समोर उभं चर्च पाहून त्यांनी घामाऐवजी डोळे पुसले. मग तिसरा भाग सुरू झाला. तो नाच निघाला, तोही असा उडता की त्यात चक्क शिटी वाजते. उभे असलेले लोक डोलायला लागले. सासूबाई मांडीवर ठेका धरू लागल्या, मागच्या आज्यांनी तो उचलला. चौथ्या भागात तर पाद्रीबाबाही पाय आपटत होते. शेवटच्या सुरावर असा गजर झाला की मेणबत्त्या थरथरल्या.

डिअर्ड्राबाईंनी थेट येऊन माझा हात धरला. "तुम्ही पहिले उठलात. मी पाहिलं नाही, पण सगळे सांगतायत. या बाईसाठी उभं राहावं असं तुम्हाला का वाटलं, ते लोकांना सांगा ना." आणि माइक माझ्या हातात.

खरं सांगायला हवं होतं. पण समोर सगळे ओल्या डोळ्यांनी उभे, आणि स्वरूपाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच शंका, की कदाचित नवऱ्याला खरंच काही कळत असावं.

"आमच्याकडे," मी घसा खाकरला, "थोर कलावंतासमोर माणूस बसूच शकत नाही..."

तेवढ्यात सासूबाई पर्समधून केळं काढत पुढे आल्या. "जावईबापू, आदी हे खावा. पोटरीत गोळा आला हुता न्हवं? मगाशी कसं तोंड वाकडं झालतं तुमचं."

लोकांना वाटलं, विधीचाच भाग असेल. कौतुकानं बघत राहिले.

"व्हॉट डिड शी से, पेट?" डिअर्ड्राबाईंनी पूर्वीला लाडानं विचारलं.

पूर्वी माइकजवळ झाली. "शी सेज ही हॅड अ क्रॅम्प इन हिज लेग."

स्वरूपाचे खांदे हलायला लागले. रडतेय वाटलं, पण ती व्हायोलिन पोटाशी धरून हसत होती, इतकी की शेजारच्या वादकानं तिला सावरलं. मग मागून काठीवर रेललेले एक आजोबा म्हणाले,

"आह, ग्रँड. दॅट्स ऑल राइट, सो. वी कॅन सिट डाउन."

आणि अख्खं चर्च बसलं. उभा मी एकटा, एका हातात माइक, दुसऱ्या हातात केळं.