भिंतीपलीकडचा किराणा

साखरेचा डबा सुकेशनीनं कानाशी धरून हलवला. आतून सळसळ आली. महिना अजून निम्मासुद्धा सरला नव्हता. दुसरी एखादी असती तर कपाळाला हात लावून बसली असती. पण सुकेशनीला त्या सळसळीत पितळी साखळ्यांचा आवाज ऐकू आला आणि ती डबा तसाच कानाशी धरून ओट्यापाशी उभी राहिली.

साखळ्या होत्या बंगईच्या, ओसरीत टांगायच्या झोपाळ्याच्या. परभणीच्या एका लाकडाच्या दुकानात तिनं ती पाहिली होती. रुंद सागवानी फळी, कडेला कोरलेली वेल. दुकानदार म्हणाला, "बसून तर बघा, बाई." ती बसली, पाय जमिनीवरून सुटले, आणि तेवढ्यात नवरा म्हणाला, "चल, पालमची बस लागली असंल." तेव्हापासून तिचे पाय पुरते जमिनीला टेकले नव्हते. भाकरी थापताना, भांडी घासताना ती मनातल्या मनात ओसरीत झुलत असायची.

नवरा सुगत जवळच्याच खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक. माणूस भला, पण किराण्याच्या दुकानाची पायरी महिन्यात दुसऱ्यांदा चढावी लागली की त्याचा आवाज चढायचा. शेवटी त्यानंच शब्द दिला होता.

"एक महिना, फकस्त एक महिना भरलेलं सामान महिन्याच्या शेवटापर्यंत पुरवून दाखव. तुझी बंगई पक्की."

गळती कुठं होती हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, कारण गल्ली हीच ती गळती होती. कुणाला वाटीभर साखर, कुणाला मूठभर शेंगदाणे, कुणाला चहापत्ती. समोरच्या कडूबाईची स्टीलची वाटी तर दिवसाआड दारात हजर.

"न्हाई म्हणत जा की," सुगत म्हणाला.

"हाय तर न्हाई कसं म्हणू?"

"तोंडानं म्हण!"

"सकाळीच शील घेतलंय," सुकेशनी हळूच म्हणाली.

ते खरंच होतं. रोज आंघोळ झाली की ती बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावायची, उदबत्ती ओवाळायची आणि डोळे मिटून त्रिसरण-पंचशील घ्यायची. खोटं न बोलण्याचं शील म्हणताना तिचा आवाज आपोआप बारीक व्हायचा, जणू समोर कुणी ऐकत बसलंय. सकाळी मूर्तीपुढं शब्द द्यायचा आणि दुपारी वाटीभर साखरेसाठी मोडायचा, हे तिला जमणारं नव्हतं.

"शील तर मी बी घेते," सासूबाई सरजाबाई खाटेवरून म्हणाल्या. "पण कडूबाई येताना दिसली की मी झोपून घेते. झोपलेलं माणूस खोटं बोलत नसतंय."

तो महिना गेला. पुढच्या महिन्याचा किराणा आला त्या दुपारी, डबे भरता भरता, मनातली बंगई जरा उंच गेली आणि तिथून सुकेशनीला वाट दिसली. परसातल्या कमरेएवढ्या भिंतीपलीकडं पंचफुलाबाई राहायच्या. एकट्या, लेक परभणीला दिलेली, खाणं चिमणीएवढं. सामान जर घरात ठेवलंच नाही, तर 'घरात न्हाई' हे खरंच होईल!

"मावशी, माझे डबे तुमच्याकडं ठिवू का? लागंल तसं नेईन."

"ठिव की माय. माझं घर रिकामंच हाय," पंचफुलाबाई म्हणाल्या.

मग साखर, तूरडाळ, शेंगदाणे, पोहे, चहापत्ती, सगळं भिंतीवरून पलीकडं गेलं. डाळीच्या डब्यात सुकेशनीनं नेहमीप्रमाणं कडुलिंबाचा वाळला पाला घातला, झाकण लावलं आणि तृप्त होऊन ओसरीत येऊन बसली. छताला कड्या कुठं बसतील, ते बघत.

दुसऱ्या दिवशी कडूबाई आली. "सुकेशनी, वाटीभर साखर दे बरं."

"घरात न्हाई वो, कडूबाई." किती सोपं होतं! जिभेला काही झालं नाही, छातीत धडधडलं नाही.

"बरं, चहापत्ती?"

"तीपण न्हाई."

"डाळ तरी असंल?"

"डाळ न्हाई, पोहे न्हाईत, शेंगदाणे न्हाईत." खरं बोलण्याच्या भरात सुकेशनीनं अख्खं रिकामं घर कडूबाईपुढं मांडलं.

कडूबाईची वाटी खाली आली. ती उंबऱ्यावरच टेकली. "का गं? सर घरात पगार देत न्हाईत का?"

"देतेत की."

"मग सामान कुठं जायलंय?"

गप्प राहणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, म्हणून सुकेशनीनं मान खाली घातली. कडूबाईनं ती खाली गेलेली मान बघितली आणि आवाज एकदम मऊ केला.

"खरं सांग. सर खेळतेत का?"

सुकेशनी मुळातच सावकाश बोलणारी. त्यात वाऱ्यानं ओसरीतली दोरी हलली आणि तिचं लक्ष तिकडं गेलं. "खेळतेत कधीमधी..." ती म्हणाली. मधल्या सुट्टीत, शाळेत, कॅरम, हे सगळं सांगायचं बाकी होतं; पण तोवर कडूबाई गल्लीच्या टोकाला पोचली होती.

संध्याकाळपासून वाट्या उलट्या दिशेनं चालू लागल्या. घेऊन जाणाऱ्या बाया आता घेऊन येऊ लागल्या. शेजारच्या माधवीनं पीठ आणलं, मागच्या आळीच्या सवितानं मेथीची भाजी. "राहू दे बाई, लाजू नको. येळ काय सांगून येती का?" सुकेशनी नको म्हणायची, तर बाया डोळ्यांना पदर लावायच्या.

पण आलेलं भांडं रिकामं परत धाडायचं नाही, ही सरजाबाईंच्या घराची रीत. "वाटीत घाल काय तरी," त्या खाटेवरून सांगायच्या. मग सुकेशनी भिंतीकडं धावायची. पिठाच्या वाटीत साखर, भाजीच्या डब्यात शेंगदाणे. साखर बघून माधवीला भरून यायचं: उपाशी राहील, पण रिकामं भांडं धाडणार न्हाई! त्या कौतुकापोटी दुसऱ्या दिवशी पिठाची वाटी जाऊन पातेलं यायचं. पातेल्यात चिमूटभर साखर बरी दिसत नाही. पातेल्याएवढंच काही घालावं लागायचं.

सरजाबाई मात्र खूश होत्या. "कडूबाईच्या हाताला चव हाय गं. आधी कधी कळलंच न्हाई."

असेच काही दिवस गेले आणि कडूबाई वाटीभर तूरडाळ घेऊन आली. "शिजव. अंगात ताकद येईल." सुकेशनीनं डाळ ताटात ओतली. डाळीतून कडुलिंबाचं एक वाळलं पान निघालं, मग दुसरं. तिनं वास घेतला. ही डाळ तिच्या ओळखीची होती. उन्हात वाळवली होती तिनं, पाखडली होती तिनं.

"कडूबाई, ही कुठून आणलीत?"

"पंचफुलाबाईनं दिली. देवमाणूस हाय बघ! तुझ्याकडं काय राहिलं न्हाई म्हणल्यावर आता सगळी गल्ली तिच्याकडंच जायलीय. कुणाला न्हाई म्हणून म्हणत न्हाई."

सुकेशनी परसात गेली. भिंतीपलीकडं पंचफुलाबाईंच्या दारात वाट्यांची रांग होती आणि पंचफुलाबाई डब्याचा तळ खरवडत होत्या.

"मावशी, माझं सामान वाटून टाकलंत?"

"आगं, बाया इचारायल्या, घरात साखर हाय का? घरात तर होती." पंचफुलाबाईंचा चेहरा सकाळच्या मेणबत्तीसारखा निर्मळ होता. "शील मी बी घेते, माय. हाय तर न्हाई कसं म्हणू?"

भिंतीवर दोन्ही हात टेकून सुकेशनी उभी राहिली. शील भिंतीच्या अलीकडंच असतं असं तिला का वाटलं होतं, ते तिचं तिलाच कळेना. राग यावा असंही काही नव्हतं. फक्त ओसरीतली बंगई, कड्यांसकट, हळूहळू वर वर जात दिसेनाशी झाली.

सुगत आला तो तणतणतच. चप्पलसुद्धा काढली नाही.

"बसमध्ये आपल्या गल्लीतले माणिकराव माझ्या शेजारी बसले. माझ्या खांद्यावर हात ठिवून म्हणाले, 'सर, पत्त्याचा नाद लय वाईट. घरादाराकडं बघून सोडा.' सगळी बस बघायली! म्या काय केलं?"

सुकेशनीनं सगळं सांगितलं. काहीच लपवलं नाही. लपवलेलं होतं तेही वाटून झालं होतं. सुगत ऐकता ऐकता खाली बसला.

"म्हणजे सामान संपलं. बंगईसाठी केलंस, अन् बंगई बी गेली."

"हो," सुकेशनी म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज शांत होता.

"अन् मी गल्लीत जुगारी ठरलो."

"ते मी सांगते की जाऊन, कॅरम म्हणून."

"तू आता कुठं जाऊन काय सांगू नकोस!"

"सांगून कोण ऐकतंय?" सरजाबाई खाटेवर उठून बसल्या. "लोकाला डोळ्यांनी दिसावं लागतंय. घरात पैसा हाय, खेळात गेला न्हाई, हे दिसंल असं काय तरी आण. मोठं आण. ओसरीत मावंल असं. रस्त्यानं जाणाऱ्याला दिसंल असं."

सुगत आईकडं बघत राहिला. मग बायकोकडं. मग छताकडं.

रविवारी दुपारी परभणीहून टेंपो आला. सागवानी फळी, कडेला कोरलेली वेल, पितळी साखळ्या. सगळी गल्ली गोळा झाली. सुगतनं माणिकरावांना मुद्दाम हाक मारून साखळी धरायला लावली, आणि "रोख घेतली हो, रोख!" असं कुणी विचारलं नसताना दोनदा सांगितलं. कड्या बसल्या. फळी समतल झाली.

सुकेशनी बसली. पाय जमिनीवरून सुटले. अंगण मागं गेलं, पुढं आलं. पंचफुलाबाई अंगणात उभ्या राहून हसत होत्या. साखळ्या कुरकुरत होत्या, अगदी तशाच, आणि डोळे मिटले तरी बंगई जागेवरच होती. सकाळपासून या क्षणाच्या ओढीनं तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता, आणि त्याची तिला आठवणही नव्हती.

"थांबव, थांबव!" गर्दीतून कडूबाई झाकलेलं ताट घेऊन पुढं आली आणि तिनं साखळी धरली. "खरं सांग सुकेशनी, सकाळपासून पोटात काय गेलंय का?"

सुगत पाना हातात घेऊन जागच्या जागी थिजला. "सांग, जेवलीस म्हणून सांग," तो पुटपुटला.

सुकेशनीनं डोळे उघडले. क्षणभर विचार केला.

"न्हाई," ती म्हणाली.

सगळ्या गल्लीनं एकदम सुस्कारा सोडला. माणिकरावांनी सुगतच्या खांद्यावर हात ठेवला.

"उतर आधी खाली," कडूबाई ताटावरचं फडकं काढत म्हणाली. "उपाशीपोटी झोका घेतला की चक्कर येती, माय."